ॲलन मूरचं न निघालेलं कॉमिक आणि त्याचे वारसदार

फुटपाथवाला | रवि., रात्री ११.०७

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर 'किंगडम कम' या डीसीच्या सुपरहीरो कॉमिकचा विषय निघाला आणि मी "हे सगळं मूरच्या त्या कागदांतून आलंय" असं लिहून मोकळा झालो. चौघांनी विचारलं, कुठले कागद? तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

२००२ सालची गोष्ट. फाउंटनच्या फुटपाथवर 'किंगडम कम'चं पुस्तक मिळालं होतं, पाठीचा कणा मोडलेलं, पण पानं शाबूत. ते वाचून डोकं भणभणलं, म्हणून सायबर कॅफेत जाऊन त्याबद्दल शोधत बसलो. शोधता शोधता एक साधी टेक्स्ट फाइल हाती लागली. कुणीतरी कुठूनतरी मिळवून नेटवर सोडलेली. चित्र एकही नाही, नुसता मजकूर. कॅफेवाल्याच्या डॉट मॅट्रिक्सवर छापून घेतली आणि घरी येऊन बघतो तर प्रत्येक ओळीचं उजवीकडचं शेवटचं अक्षर कापलेलं. इंग्रजीतला अनेकवचनाचा 'एस' नेमका तिथेच असतो. त्यामुळे 'हाउस ऑफ टायटन्स' म्हणजे टायटन नावाच्या कुणा एका इसमाचं घर, असं मी बरेच दिवस समजत होतो.

त्या फाइलचं नाव 'ट्वायलाइट ऑफ द सुपरहीरोज'. लेखक ॲलन मूर. त्यानं एका कॉमिक मालिकेसाठी कंपनीला लिहिलेलं प्रपोजल, म्हणजे प्रस्ताव.

ज्यांना मूर माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडातल्या नॉर्दम्प्टनचा माणूस, जन्म १९५३. डीसी या अमेरिकन कंपनीनं १९८३ च्या आसपास त्याच्या हाती 'स्वॅम्प थिंग' नावाचं शेवटच्या घटका मोजणारं मासिक दिलं, आणि त्यानं त्याचं सोनं केलं. मग सुपरमॅनच्या दोनतीन अफलातून कथा, आणि १९८६-८७ मध्ये डेव्ह गिबन्सबरोबर 'वॉचमेन'. म्हणजे त्या वेळी मूर मागेल ते डीसीनं द्यावं अशी परिस्थिती होती.

त्याच सुमारास डीसीनं घर आवरायला काढलं होतं. ५० वर्षांत साठलेला पसारा, समांतर पृथ्व्या, दोन-दोन सुपरमॅन. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही १२ अंकांची मालिका काढून हे सगळं एका फटक्यात साफ केलं. विक्री झाली, पण जुन्या वाचकांना वाटलं की आपण इतकी वर्षं जे वाचलं ते आता "घडलंच नाही" म्हणतायत. मूरनं नेमकं यावर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं की वाचकाला एकदा कळलं की तुम्ही कधीही सगळं पुसून टाकू शकता, तर तो पुढच्या गोष्टीत जीव कशाला गुंतवेल?

आता या प्रपोजलची खरी गंमत. आज मूर म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? छातीपर्यंत दाढी, बोटाबोटांत अंगठ्या, सिनेमावाल्यांचे पैसे नाकारणारा, कंपन्यांच्या नावानं कडाकडा बोटं मोडणारा बाबा. आणि हे टिपण उघडलं की सुरुवातीची कितीतरी पानं तोच बाबा चांगला मुरलेला सेल्समन होऊन बोलतोय! सगळी मासिकं जोडणारी मालिका कशी असावी, दर महिन्याच्या मासिकांच्या कथेत ढवळाढवळ न करता त्यांचा खप कसा वाढवावा, यातून खेळ-खेळणी काय काय काढता येतील. दुसऱ्या मासिकाच्या लेखकाला भाग घ्यायचा असेल तर घ्यावा, नसेल तर त्याचं काही अडू नये, हीसुद्धा काळजी घेतलीय. कथेचा 'क'सुद्धा अजून आलेला नाही.

मग तो मुद्द्यावर येतो. दंतकथेला शेवट लागतो. रॉबिन हूड मरतो, नॉर्स देवांचाही प्रलय ठरलेला असतो. सुपरहीरोला मात्र शेवट नाही, कारण पुढच्या महिन्याचा अंक विकायचाय. फ्रँक मिलरनं १९८६ मध्ये 'डार्क नाइट रिटर्न्स'मधून म्हाताऱ्या बॅटमनला एक शेवट दिला, आता अख्ख्या डीसीला तो देऊ, असं मूर म्हणतो. पण तो शेवट कुणावर बंधनकारक नाही. हे एक भविष्य आहे. असं होईल, कदाचित नाहीही होणार. दंतकथेला कळस चढला आणि दुकानही चालू राहिलं.

कथा थोडक्यात. काही दशकांनंतरचं जग. सरकारं कोसळलीयत आणि सुपरहीरोंच्या घराण्यांनी मुलूख वाटून घेतलेत. पोलाद घराणं म्हणजे सुपरमॅन आणि वंडर वूमन, त्यांची दोन पोरं. मेघगर्जना घराणं म्हणजे डीसीचाच हीरो कॅप्टन मार्व्हल आणि मंडळी. शिवाय टायटन्स, जस्टिस, खलनायकांचं एक, कालप्रवाशांचं एक. आणि पृथ्वीवर पाय ठेवायला बंदी असलेल्या परग्रहवासीयांचं एक, जे वर टपून बसलंय. पोलाद आणि मेघगर्जना यांच्यात सोयरीक ठरते. ती झाली तर बाकीच्यांना कोण विचारतो? म्हणून सगळे त्या लग्नाच्या मुळावर उठतात. या गदारोळात सूत्रं हलवणारा माणूस कोण, तर जॉन कॉन्स्टंटाइन. ना उडता येत, ना डोळ्यांतून किरण निघत. खिशात सिगरेटचं पाकीट आणि तोंडात थापा. भविष्यातला म्हातारा कॉन्स्टंटाइन वर्तमानातल्या स्वतःलाच इशारा धाडतो की असं असं होणार आहे. तो इशारा दिसतो तेवढा सरळ नाही, एवढंच सांगतो.

हे कॉमिक कधीच निघालं नाही. मूर आणि डीसीचं फाटलं. 'वॉचमेन'चे हक्क पुस्तक बाजारातून संपल्यावर मूर-गिबन्सकडे परत जाणार होते, पण पुस्तक कधी संपलंच नाही. बिल्ल्यांसारख्या मालावरच्या पैशांवरून वाद झाला. आणि अंकांवर "प्रौढांसाठी" वगैरे शिक्के मारायच्या योजनेवरून मोठं भांडण झालं. मूर गेला, टिपण कपाटात राहिलं. आजतागायत ते अधिकृतरीत्या छापलेलं नाही.

माझं म्हणणं: गेल्या ३०-३५ वर्षांत डीसीत जे जे "सुपरहीरोंचा शेवट" म्हणून आलं, त्या सगळ्यावर या न छापलेल्या कागदांची सावली आहे. बोला.

---

टोपणनाव | रवि., रात्री ११.४०

लेख झकास, पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात घसरलात. डीसीनं ते छापलंय. २०२० च्या शेवटी 'डीसी थ्रू द एटीज: द एंड ऑफ इराज' नावाचं जाडजूड पुस्तक आलं, संपादक पॉल लेविट्झ. त्यात हे प्रपोजल आहे. तोवर मात्र नेटवर टाकणाऱ्यांना कंपनीचे वकील पत्रं धाडायचे.

---

फुटपाथवाला | रवि., रात्री ११.५२

चूक मान्य. १८ वर्षं उजवी बाजू कापलेल्या गठ्ठ्याशी इमान राखून होतो, बाहेर काय चाललंय बघितलंच नाही. संपादनाची वेळ संपल्यामुळे वर दुरुस्ती करता येत नाहीये.

---

आजोबांची ट्रंक | सोम., सकाळी ७.१५

आमची मजल इंद्रजाल कॉमिक्सपर्यंत. वेताळ, मँड्रेक आणि बहादूर. त्यामुळे निम्मी नावं डोक्यावरून गेली. पण एक शंका. शेवट नसतो म्हणून दंतकथा होत नाही हे काही पटलं नाही. आमचा वेताळ घ्या. तो २१वा आहे. बाप मेला की मुलगा तीच चड्डी चढवून कवटीच्या गुहेत बसतो. जंगलातल्या लोकांना वाटतं तोच चालता-बोलता प्रेतात्मा ४०० वर्षं हिंडतोय. मरणही आहे आणि गोष्टही संपत नाही. मग या मूरसाहेबांना एवढा घोर कशाचा?

---

फुटपाथवाला | सोम., सकाळी ९.३०

काका, दंडवत. ली फॉकनं १९३६ मध्येच ही गाठ सोडवून ठेवली होती, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. फरक इतकाच की वेताळाच्या मुखवट्याखाली कोण आहे याला फारसं महत्त्व नाही. सुपरमॅनचं तसं नाही. क्लार्क केंट मेला आणि त्याचा मुलगा सुपरमॅन झाला तर डीसी सहा महिन्यांत क्लार्कला परत आणणार. १९९२-९३ मध्ये त्याला मारून परत आणलाच की.

---

खडूस मांजर | सोम., दुपारी १.०५

सगळेजण लेखावर फुलं उधळतायत म्हणून मी थोडं पाणी ओतते.

मी हे प्रपोजल वाचलंय (नेटवर, 'टोपणनाव' यांनी सांगितलेल्या त्या वकिलांना विचारून नाही). त्यात वंडर वूमनचं काय केलंय ते फुटपाथवाल्यांनी शिताफीनं गाळलंय. सुपरमॅनशी लग्न झाल्यावर ती 'सुपरवूमन' होते. म्हणजे ॲमेझॉन राजकन्या, जिनं स्वतःच्या हिमतीवर नाव कमावलं, तिनं लग्नानंतर गॅझेटमध्ये नाव बदलून घेतलं! १९८७ मध्ये, जगातल्या सर्वांत बंडखोर कॉमिक लेखकाच्या हातून! आमच्या बँकेत केवायसी करायला येणाऱ्या बायकांची आठवण झाली. दोन नावं, तीन कागद, चार खेपा.

बाकीच्या बायकांचीही तीच गत. ऐंशीच्या दशकातला "अंधार" म्हणजे बाईचं काहीतरी वाईट करणे, बस. मूरच्याच 'किलिंग जोक'मध्ये बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, गोळी घालून खुर्चीत बसवली. त्याबद्दल पुढे मूरनं स्वतःच नाराजी व्यक्त केली आहे, ते त्याच्या खात्यावर जमा करते. पण कळस वगैरे म्हणताना हेही मोजा.

---

फुटपाथवाला | सोम., दुपारी २.२०

गाळलं नव्हतं, विसरलो होतो. ते जास्त वाईट आहे म्हणा.

एक बाजू मांडतो. पोलाद घराणं हे राजघराणं झालंय आणि राजघराण्यात सुनेचं नाव पुसलं जातं, हेच मूरला दाखवायचं असेल का? प्रपोजलचा रोखच आहे की ही सत्ता सगळ्यांना सडवते. पण असं वाचायला मला तुमच्या प्रतिसादानंतर सुचलं, म्हणजे कागदावर ते पुरेसं नाही.

---

खडूस मांजर | सोम., दुपारी २.३१

अर्धा गुण दिला.

---

बे एरिया बंड्या | सोम., रात्री ९.४८

(इकडे सकाळ आहे, कॉफी घेऊन लिहितोय.)

'किंगडम कम' ही चोरी आहे असं सूचित होतंय, त्याबद्दल. १९९६, चार अंक, लेखक मार्क वेड, चित्रं ॲलेक्स रॉस. साम्यं मोजा: भविष्य, हाताबाहेर गेलेले सुपरहीरो, सुपरमॅन विरुद्ध कॅप्टन मार्व्हल, सुपरमॅन-वंडर वूमनची जोडी, भूमिगत बॅटमन. ही यादी घेऊन कोर्टात गेलं तर न्यायाधीश भुवया उंचावेल. पण मूळ कल्पना रॉसची. तो 'मार्व्हल्स' हे दुसरं कॉमिक रंगवत असताना त्याच्या डोक्यात ती आली आणि त्यानं ४० पानी हस्तलिखित आराखडा केला. लेखक जेम्स रॉबिन्सनला ती सांगताना त्यानं आवाका कळावा म्हणून 'वॉचमेन' आणि मूरचं हेच 'ट्वायलाइट' यांचाच दाखला दिला होता. म्हणजे लपवाछपवी नव्हती. वेड आणि रॉस दोघांनीही सांगितलंय की प्रपोजल वाचलं होतं, पण साम्यं किरकोळ आहेत आणि मुद्दाम आणलेली नाहीत.

आणि गाभा पूर्ण वेगळा आहे. रॉसचा साक्षीदार एक म्हातारा पाद्री, नॉर्मन मॅके. चेहरा रॉसच्या वडिलांचा, ते खरंच पाद्री होते. मूरचा साक्षीदार एक लबाड. पाद्री जगाचा शेवट बघून हादरतो, लबाड त्यातून काय साधता येईल ते बघतो. 'किंगडम कम'मध्ये प्रश्न आहे की नवी पिढी बिघडली, आता जुन्या मूल्यांचं काय करायचं. मूर म्हणतो जुनेच बिघडले. मला तर हे दोन लेखक एकमेकांकडे पाठ करून उभे दिसतात.

माझ्याकडे 'किंगडम कम'चे मूळ चारही अंक आहेत. रॉस वॉटरकलरच्याच भावंडातल्या गुआशनं रंगवतो. सुपरमॅनच्या कानशिलावरचे पांढरे केस, पोटाकडे सैल पडलेला पोशाख, सगळं एखाद्या ओळखीच्या काकांसारखं. प्रपोजलमध्ये हे कुठून येणार?

---

आद्याक्षर | सोम., रात्री १०.३०

बंड्याभाऊंचा न्यायाधीश भुवया उंचावून खाली आणेल. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. अमेरिकेत हेच आणि आपल्याकडेही हेच. १९७८ चा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. नाटककाराचा दावा होता की 'न्यू दिल्ली' सिनेमा त्याच्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून उचललाय. कोर्ट म्हणालं, विषय एक असला तरी हाताळणी वेगळी, दावा फेटाळला.

त्यात इथे मौज अशी की पात्रं डीसीची, मजकूर मूरचा. मूर ते दुसरीकडे छापू शकत नाही, कारण सुपरमॅन त्याचा नाही. फणस एकाचा, आत गरे दुसऱ्याचे.

---

अस्मानी | मंगळ., सकाळी ८.५०

मला हे वाचून सारखं मौसलपर्व आठवत होतं. यादवांसारखं अजिंक्य कुळ, बाहेरच्या कुणाकडून मरणार नाही, म्हणून आपसात मुसळांनी मरतात. आणि कृष्णाला सगळं आधीच ठाऊक असतं. मूरचा कॉन्स्टंटाइन तसाच बाजूला बसून बघतोय.

अवांतर: 'हाउस'ला फुटपाथवाल्यांनी 'घराणं' म्हटलंय ते फार चपखल. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले अशी मांडणी डोळ्यांपुढे उभी राहिली. मध्यवर्ती सत्ता ढिली, सरदार प्रबळ, आणि प्रत्येक लग्नाकडे बाकीचे संशयानं बघतायत.

---

फुटपाथवाला | मंगळ., सकाळी ११.१०

अस्मानी, कृष्ण म्हणजे जरा फारच वरचा हुद्दा दिलात कॉन्स्टंटाइनला. मला तो आधी नाना फडणवीस वाटला होता. पण नानांना सिगरेट देववत नाही.

बंड्याभाऊंच्या "प्रपोजलमध्ये हे कुठून येणार" याला उत्तर द्यायचंय, त्यासाठी एक प्रसंग सांगतो. रहस्यभेद आहे, ज्यांना मूळ वाचायचंय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

गोष्टीच्या सुरुवातीलाच एका कुंटणखान्यातल्या बंद खोलीत एक प्रेत सापडतं. लहानखुरा माणूस. हातपाय बांधलेले आणि तोंडात बोळा. 'क्वेश्चन' नावाचा बिनचेहऱ्याचा गुप्तहेर त्याचा तपास करतो. इकडे घराण्यांचं राजकारण चालू, तिकडे हा किरकोळ खून, आणि वाचक म्हणतो याचा काय संबंध? संबंध शेवटी कळतो. तो माणूस बिली बॅट्सन. म्हणजे कॅप्टन मार्व्हल. बिलीनं 'शझाम' हा शब्द उच्चारला की वीज कोसळते आणि तो कॅप्टन मार्व्हल होतो. साध्या रूपात असताना कुणीतरी त्याच्या तोंडात बोळा कोंबला आणि पृथ्वीवरच्या सर्वांत ताकदवान माणसाला एक शब्द बोलता आला नाही. मग राजवाड्यात वावरणारा कॅप्टन मार्व्हल कोण? तर रूप बदलणारा मंगळवासी, जॉन जोन्झ. परग्रहवाल्यांचा माणूस. पोलाद घराण्याची ज्यांच्याशी सोयरीक ठरली, त्या घराचा कर्ता केव्हाच मेलाय.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री दीड वाजला होता, आणि ते बोळा कोंबलेलं तोंड मला स्पष्ट दिसलं. ती खोली, तो पलंग. चित्र नव्हतं म्हणून दिसलं. रॉसनं रंगवलं असतं तर उत्तमच झालं असतं, पण ते त्याचं झालं असतं.

आता 'किंगडम कम'चा शेवट आठवा. तिथेही निकाल बिलीच्या तोंडावरच लागतो. बॉम्ब येतोय, सुपरमॅन त्याचं तोंड हातानं दाबून धरतो, त्याला निवड करायला सांगतो, मग सोडतो. बिली 'शझाम' ओरडतो, बॉम्ब आकाशातच उडवतो आणि मरतो. मूरकडे बिली शब्द न बोलता मरतो, वेड-रॉसकडे बोलून. मला हे उत्तर वाटतं. चोरी म्हणत नाही, आद्याक्षर यांनी दटावलंय म्हणून नव्हे.

---

बे एरिया बंड्या | मंगळ., रात्री १०.०२

आईशप्पथ. तोंडावरचा हात. चार अंक कितीदा वाचलेत आणि हे जोडलं नव्हतं.

---

ठिपका | बुध., दुपारी १२.४०

मी विरोधी पक्षात. हे कॉमिक निघालं असतं तर आपटलं असतं. शंभरेक पात्रं, आठ घराणी, वर कालप्रवास. जी मासिकं सामील व्हायची त्या प्रत्येकाचा संपादक आपापली टांग अडवणार. 'क्रायसिस'नंतर डीसीनं नवा सुपरमॅन, नवी वंडर वूमन सुरू केलेली. १९८६ मध्ये जॉन बर्ननं सुपरमॅन पहिल्यापासून मांडला, ८७ मध्ये जॉर्ज पेरेझनं वंडर वूमन. वर्षभरात त्यांचा म्हातारपणीचा सडका अवतार कोण छापेल? मूर-डीसी भांडण झालं नसतं तरी हे अडलंच असतं, असा माझा अंदाज.

न झालेल्या गोष्टी नेहमी थोर असतात. आमच्या गल्लीत प्रत्येकाचा एक मामा रणजीत निवडला जाता जाता राहिलेला आहे.

---

चहाबाज | बुध., दुपारी १२.५५

हहपुवा (हसून हसून पुरती वाट). आमचा काका होता.

---

फुटपाथवाला | बुध., सायं. ६.१५

ठिपका, निम्मं पटलं. प्रपोजल वाचायला जे मजेदार वाटतं त्यातलं बरंचसं मूरच्या बोलण्याच्या ढंगामुळे. तो मध्येच म्हणणार की हे अजून ठरवलेलं नाही, इथे काहीतरी सुचेल. अंकात ही कबुली देता येत नाही. तिथे काहीतरी ठरवावंच लागतं.

पण तरीही त्याचा परिणाम झाला. मला वाटतं तो घराण्यांमुळे किंवा लग्नामुळे झालेला नाही. त्या कागदांनी पुढच्यांना एक सोय दाखवली: शेवट सांगा, पण नोंदवहीत चढवू नका. १९८९ मध्ये 'गॉथम बाय गॅसलाइट'मध्ये व्हिक्टोरियन काळातला बॅटमन आला, मग १९९१ पासून अशा मुख्य कथेबाहेरच्या गोष्टींसाठी 'एल्सवर्ल्ड्स' असा शिक्काच तयार झाला, 'किंगडम कम' त्याच शिक्क्याखाली निघालं. त्याच्या पुढच्या भागात, १९९८-९९ च्या 'द किंगडम'मध्ये, वेडनं 'हायपरटाइम' आणला, म्हणजे सगळ्या गोष्टी कुठे ना कुठे खऱ्या. मूरनं प्रपोजलमध्ये काळात एक गुंता कल्पिला होता, ज्यामुळे भविष्य पक्कं ठरत नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघा. एल्सवर्ल्ड्स मूरमुळेच झालं असं मी म्हणत नाही, "काल्पनिक कथा" डीसी फार पूर्वीपासून छापायची. पण आधी त्या गंमत म्हणून असायच्या.

---

टोपणनाव | बुध., रात्री ८.२०

यात ग्रीन लँटर्नची, म्हणजे डीसीच्या अंतराळातल्या पहारेकऱ्यांची, भर घाला. १९८६ च्या एका वार्षिकात मूरनं केव्हिन ओ'नीलबरोबर 'टायगर्स' ही छोटीशी गोष्ट केली. तिच्यात एक राक्षस ग्रीन लँटर्न दलाच्या अंताचं भाकीत सांगतो. सोडम याट, मोगो ग्रह, रँक्स नावाचं जिवंत शहर, नावानिशी. लेखक जेफ जॉन्सनं २००७ च्या 'सिनेस्ट्रो कोअर वॉर'मध्ये ते भाकीत खरं करून दाखवलं आणि २००९ च्या 'ब्लॅकेस्ट नाइट'पर्यंत धागा ओढला. मूरला कळलं तेव्हा तो म्हणाला की हे म्हणजे रॅकून रात्री माझ्या कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतायत तसं आहे. ती १२ पानांची गोष्ट निदान छापलेली होती, ट्वायलाइट तर छापलेलंही नव्हतं.

---

खडूस मांजर | बुध., रात्री ८.४४

आणि 'वॉचमेन' काय होतं? डीसीनं चार्ल्टन कंपनीकडून घेतलेली पात्रं मूरला वापरायची होती. डीसीचा संपादक डिक जिओर्डानो म्हणाला, बाबा रे, तू यांना संपवून टाकशील, नवी बनव. मग 'क्वेश्चन'चा रोर्शाक झाला, 'कॅप्टन ॲटम'चा डॉक्टर मॅनहॅटन. म्हणजे 'वॉचमेन'च्या पोटातही एक न छापलेलं प्रपोजल आहे. रॅकून म्हणणाऱ्यानं स्वतःचे पंजे बघावेत.

(पात्रं नवी करून घेतली हा फरक मोठा आहे, हे मला कळतं. पण आज भांडायचा मूड आहे.)

---

आद्याक्षर | बुध., रात्री ९.१०

फरक मोठाच आहे. कायद्याच्या दृष्टीनं तर तोच एक फरक आहे.

---

आजोबांची ट्रंक | गुरु., सकाळी ६.५५

रात्री सगळं वाचून काढलं. नातवाला विचारलं तर तो म्हणाला की सुपरमॅन हुकूमशहा होतो तो व्हिडिओ गेम त्याच्याकडे आहे, 'इन्जस्टिस'. त्याला मूर माहीत नाही, 'किंगडम कम' माहीत नाही. सुपरमॅन बिघडू शकतो हे त्याला उजाडण्याइतकं स्वाभाविक वाटतं. मला विचारलंत तर वेताळ बिघडला असता तर मी इंद्रजाल बंद केलं असतं.

फुटपाथवाले, तुमचा तो गठ्ठा अजून आहे का? उजवीकडची अक्षरं पेनानं भरलीत का?

---

फुटपाथवाला | शनि., रात्री १०.२५

काका, तुमच्या प्रश्नामुळे दोन दिवस पोटमाळा उपसला. मिळाला.

अक्षरं भरलेली नाहीत. सुरुवातीला चारपाच पानांवर पेन्सिलीनं 's' लिहिलेत, मग कंटाळलो असणार. पण गठ्ठा पूर्ण नाही. आईला पाठकोरे कागद टाकवत नाहीत. घरात आलेला कुठलाही कागद एका बाजूनं कोरा असला की तो दुधाच्या हिशोबाला, वाणसामानाच्या यादीला जातो. तिनं मधली पानं ओढून घेतली होती आणि वापरून झाल्यावर, मला लागतील म्हणून, परत आणून ठेवली होती. क्रम चुकवून.

बिली बॅट्सनच्या खोलीचं पान सापडलं. पाठीमागे तिच्या अक्षरात: साबुदाणा १ किलो, शेंगदाणे अर्धा, वरी, उपासाची मिरची पूड, आणि खाली अधोरेखित करून, "गॅसवाला आला नाही, पुन्हा फोन".